ऑफिसात नवे संगणक: मोजणीपासून जुनं यंत्र बाहेर जाईपर्यंत

विंडोज १०ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. तेव्हापासून गोव्यात म्हापसा असो, फोंडा असो की मडगाव, छोट्या ऑफिसांत एकच विषय: "आता सगळे कॉम्प्युटर बदलायचे की काय?" विक्रेता हो म्हणतो, मालक नाही म्हणतो आणि आयटी बघणारा माणूस मधल्यामध्ये सापडतो. हा लेख त्या माणसासाठी आहे. ज्या ऑफिसात असा माणूसच नाही, तिथे हे काम ज्या क्लार्कच्या गळ्यात पडतं त्याच्यासाठीही आहे. पाच ते पंधरा संगणक असलेलं ऑफिस मी डोळ्यासमोर ठेवलं आहे: पतसंस्था, सीएचं कार्यालय, शाळेचं ऑफिस, औद्योगिक वसाहतीतलं छोटं युनिट.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे प्रोसेसर कमी पडला म्हणून काम अडल्याचं क्वचितच दिसतं. काम अडतं ते विजेमुळे, दमट हवेमुळे आणि कुठेच न लिहून ठेवलेल्या माहितीमुळे. तेव्हा पैसा आणि वेळ आधी या तीन गोष्टींवर घालवा.

आधी मोजणी, मग कोटेशन

एक वही किंवा एक्सेलची शीट घ्या. प्रत्येक यंत्राला एक ओळ: कोण वापरतं, प्रोसेसर कोणता, रॅम किती, डिस्क फिरती की एसएसडी (न फिरणारी, वेगवान), सिरियल नंबर, बिलाची तारीख, त्यावर चालणारं खास सॉफ्टवेअर, जोडलेले प्रिंटर आणि डिजिटल सहीचं टोकन. हे रजिस्टर पुढे प्रत्येक पायरीला लागणार आहे, म्हणून इथे कंटाळा करू नका.

विंडोज ११साठी साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. आय५-७४०० म्हणजे सातवी पिढी, ती बाद. आय५-८४०० चालतो. एएमडीत रायझन २०००च्या मालिकेपासून पुढचे बहुतेक चालतात. "टीपीएम नाही" असा संदेश आला (टीपीएम म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) की लगेच यंत्र मोडीत काढू नका. कित्येकदा टीपीएम २.० बोर्डावर असतो, फक्त बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद असतो. इंटेलच्या बोर्डावर त्याचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. चालू करा, सेव्ह करा आणि पुन्हा तपासा.

यातून तीन ढीग निघतात. पहिला, जसेच्या तसे विंडोज ११वर जाणारे. दुसरा, एसएसडी आणि थोडी रॅम घातली की अजून काही वर्षं आरामात काढतील असे. फिरती हार्डडिस्क काढून साधी अडीच इंची साटा एसएसडी बसवली तरी यंत्राचा वेग पूर्ण बदलतो. नव्या खरेदीच्या मानाने यासारखा फायदेशीर खर्च नाही. तिसरा ढीग खरोखर बदलायचा. एखादं यंत्र जुन्या वजनकाट्याच्या किंवा मशीनच्या सॉफ्टवेअरला बांधलेलं असेल, तर कंपन्यांसाठी विंडोज १०चे अपडेट पैसे भरून घेता येतात. पहिल्या वर्षाला एका यंत्राचे ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. एकदोन यंत्रांसाठी ठीक, सगळ्या ऑफिससाठी नाही. तपासणी चुकवून जुन्या यंत्रावर विंडोज ११ घालायचे उपाय युट्यूबवर भरपूर आहेत. घरी हौस म्हणून करा, पतसंस्थेच्या काउंटरवर नको.

काय घ्यायचं

टॅली, एक्सेल, ब्राउझर आणि पोर्टल यांच्यासाठी अलीकडच्या पिढीचा आय३ किंवा रायझन ३ पुरतो. आय५ घेतला तर बिघडत नाही, पण त्याच पैशांत चांगला यूपीएस येत असेल तर मी यूपीएस घेईन. रॅम १६ जीबी, एसएसडी ५१२ जीबी. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव चढले आहेत, त्यामुळे बजेट ताणलं जात असेल तर ८ जीबीची एकच स्टिक घ्या आणि दुसरा स्लॉट रिकामा ठेवा. मात्र तो स्लॉट खरोखर आहे ना, हे कोटेशनवर लिहून घ्या. कित्येक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, म्हणजे आज घेतलं तेच शेवटपर्यंत.

नावांवर भुलू नका. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावं जुळ्या भावांसारखी दिसतात, पण पहिल्यात झेन २ ही जुनी रचना आहे आणि दुसऱ्यात झेन ३. त्या मालिकेत तिसरा आकडा रचना सांगतो. विक्रेता "सात हजार सिरीज आहे" म्हणाला की आपण तिसरा आकडा बघायचा.

स्नॅपड्रॅगनचे लॅपटॉप बॅटरीला उत्तम आहेत, पण अशा ऑफिसात घेऊ नका. डिजिटल सहीची टोकन आणि जुने प्रिंटर यांचे ड्रायव्हर त्यावर चालतीलच असं नाही, आणि सही अडली की सगळंच अडतं.

विंडोज प्रो घ्या. होम आवृत्तीत त्या यंत्राला रिमोट डेस्कटॉपने जोडून घेता येत नाही आणि बिटलॉकरवर (डिस्क कूटबद्ध करायच्या विंडोजच्या सोयीवर) पुरतं नियंत्रण मिळत नाही. सगळी यंत्रं एकाच मॉडेलची घ्या, आणि जमत असेल तर एक जादा. एखादा बोर्ड गेला तर त्याची एसएसडी जादा यंत्रात घालून अर्ध्या तासात माणूस कामाला लागतो. वॉरंटी 'ऑनसाइट' आहे की यंत्र उचलून सेंटरला न्यायचं आहे, हे विचाराच. काणकोण किंवा पेडण्याच्या ऑफिसला या फरकाचे पैसे मोजावे लागतात. डिस्क आपल्याकडेच ठेवायची सोय काही कंपन्या जादा पैसे घेऊन देतात. पतसंस्थेने ती घ्यावी, कारण बिघडलेल्या डिस्कवरही सभासदांची माहिती असतेच. बिल संस्थेच्या नावावर, जीएसटी नंबरसह घ्या. संगणकांवर १८ टक्के जीएसटी आहे.

वीज आणि पाऊस

यंत्रं येण्याआधी वायरमनला बोलवा. ज्या सॉकेटवर संगणक बसणार, तिथे मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. दहा-पंधरा आला तर आधी अर्थिंग, मग संगणक. आपली जमीन जांभ्याची. पावसात चिंब होते, पण पाणी धरून ठेवत नाही. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो आणि नेमक्या त्याच दिवसांत वळवाच्या पावसाच्या विजा सुरू होतात. खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी घालायचं काम कुणाला तरी नेमून द्या. मुख्य बोर्डात सर्ज प्रोटेक्शनचं, म्हणजे विजेचा अचानक उसळलेला दाब जमिनीत वळवणारं उपकरण बसवून घ्या. मल्टिप्लगवर 'सर्ज' छापलेलं असतं, त्यावर विसंबू नका. अर्थिंगच नसेल तर तो सर्ज जाणार कुठे?

६०० व्हीएचा साधा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट. एक डेस्कटॉप आणि एक मॉनिटर त्यावर निवांत चालतात. दोन डेस्कटॉप लावले तर लाइट गेल्यावर फाइल सेव्ह करायला जेमतेम वेळ मिळतो. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नका. कागद तापवताना तो क्षणभर इतका भार ओढतो की यूपीएस ट्रिप होतो आणि सोबत संगणकही बंद. यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, ती दोन ते तीन वर्षं टिकते. बसवल्याची तारीख मार्करने यूपीएसच्या पाठीवर लिहा आणि रजिस्टरातही टाका. दर तीन महिन्यांनी काम सेव्ह करून यूपीएसचं भिंतीवरचं बटण बंद करून बघा, किती मिनिटं टिकतो ते. राउटर आणि स्विचला वेगळा छोटा यूपीएस द्या. याचं कारण पुढे प्रिंटरच्या वेळी कळेल.

सीपीयू जमिनीवर ठेवू नका. पणजीत पाणी भरणाऱ्या मळ्यासारख्या भागात तळमजल्यावर बसणाऱ्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांनीही वीतभर उंचीचं लाकडी स्टूल करून घ्यावं. समुद्राजवळच्या ऑफिसांत खारट हवेने रॅमचे संपर्क काळवंडतात. यंत्र चालू होताना नुसतं बीप देत असेल, तर प्लग काढून रॅम बाहेर घ्या, सोनेरी पट्टी साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि परत बसवा. निम्म्या वेळा तेवढंच असतं. डिचोली-साखळीकडे लाल धूळ पंख्यात बसते, तिथे साफसफाई दुप्पट वेळा करा. कॅबिनेटच्या मागची रिकामी भोकं पट्टीने बंद करा. पाल पॉवर सप्लायमध्ये शिरली तर दोघंही जातात.

चतुर्थीची सुट्टी लागते तेव्हा ऑफिस काही दिवस बंद असतं. त्याआधी सगळे प्लग भिंतीतून काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. इंटरनेट अजून तांब्याच्या तारेवरून येत असेल तर तीही काढा. फायबर असेल तर तिकडून वीज शिरायची भीती नाही.

खोकं उघडायच्या दिवशी

खोकं उघडण्याआधी सिरियल नंबरचा फोटो काढा आणि बिलाशी ताडून बघा. कंपनीच्या वेबसाइटवर तो नंबर टाकून वॉरंटी कुठून सुरू झाली ते पाहा. दुकानात पडून राहिलेल्या मालाची वॉरंटी कधीकधी आधीच सुरू झालेली असते, आणि खरेदीचं बिल पाठवून ती दुरुस्त करून घ्यावी लागते. हे पहिल्या आठवड्यात सोपं जातं, दोन वर्षांनी नाही.

मग सेटअप. इथे एक सापळा आहे, त्यावर थोडं थांबतो. विंडोज ११ची २४एच२ किंवा त्यापुढची आवृत्ती नव्या यंत्रावर मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केली, की डिस्क आपोआप कूटबद्ध होते आणि तिची ४८ आकड्यांची रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. आता समजा, विक्रेत्याच्या पोराने घाईत स्वतःच्या जीमेलने सेटअप उरकला. सहा महिन्यांनी बायोस अपडेट झाला, स्क्रीन निळी झाली आणि की मागू लागली. ती की त्या पोराच्या खात्यात, आणि पोराने तोवर दुबईला नोकरी धरलेली. तेव्हा सेटअप संस्थेच्या नावाच्या खात्यानेच करा. कुणा कर्मचाऱ्याच्या खाजगी खात्यानेही नको. ऑफिसचं लायसन्सही त्याच खात्याला बांधा. त्यानंतर स्टार्ट मेनूत 'बिटलॉकर' शोधा, 'बॅक अप युअर रिकव्हरी की' निवडा आणि की छापून तिजोरीत ठेवा. आपण एसएसडी दुसऱ्या यंत्रात घातली तरी ही की मागितली जाते, म्हणून छापील प्रत हवीच.

दुसरी तक्रार आठवड्याभरात येते: "डेस्कटॉपवरच्या फाइली गेल्या." गेलेल्या नसतात. विंडोजने विचारल्यासारखं करून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हवर हलवलेले असतात, मोफत ५ जीबी भरलेले असतात आणि आता ते मेलवर मेल पाठवत असतं. वनड्राइव्ह विकत घेतलं नसेल तर त्याच्या सेटिंग्जमधला फोल्डरांचा बॅकअप पहिल्याच दिवशी बंद करा.

रोजच्या वापराचं खातं साधं, ॲडमिन खातं वेगळं. ॲडमिनचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवायचा नाही, हे वेगळं सांगायला लागू नये, पण लागतं.

मराठीचं काय?

सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी घाला. इनस्क्रिप्ट शिकलेल्यांना तोच कीबोर्ड ठेवा. रोमन अक्षरं दाबून लिहिणाऱ्यांना 'मराठी फोनेटिक' द्या, तो विंडोजमध्येच आहे. इनस्क्रिप्टमध्ये 'दुसऱ्या', 'वाऱ्या'तला ऱ हवा असेल तर शिफ्ट धरून जे दाबायचं. ही एक गोष्ट दाखवली तरी टायपिस्ट खूश होतो. कोकणीतून पत्रं करणाऱ्यांचंही काम याच कीबोर्डवर भागतं.

जुन्या यंत्रावर मंगल फाँटमध्ये केलेलं इतिवृत्त नव्या यंत्रावर उघडलं की ओळी सरकतात, तक्ते दुसऱ्या पानावर जातात. कारण मंगल हा फाँट आता विंडोजसोबत सरसकट येत नाही, देवनागरीच्या पुरवणी फाँटांच्या गठ्ठ्यात असतो. भाषा घातल्यावर तो सहसा येतो. आला नाही तर 'ऑप्शनल फीचर्स'मधून घ्या. युनिकोडच्या आधीचे फाँट वापरून टाइप केलेल्या फाइली मात्र नव्या यंत्रावर अगम्य दिसतात. ते जुने फाँट कॉपी करून आणणं ही तात्पुरती मलमपट्टी. महत्त्वाच्या फाइली कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, कारण गडबड तिथेच होते.

हलवाहलव

हिशेबाचं यंत्र कधी बदलायचं ते कॅलेंडर बघून ठरवा. ७ तारखेला टीडीएस भरायचा असतो, ११ला जीएसटीआर-१ आणि २०ला ३बी. म्हणून २१ नंतरचा शनिवार धरा. टॅली नव्या यंत्रावर सुरू करण्याआधी जुन्या यंत्रावरून लायसन्स 'सरेंडर' करा, नाहीतर नव्यावर ते सक्रिय होताना अडून बसेल. डेटा कुठल्या फोल्डरात आहे ते टॅलीतच बघा, अंदाजाने सी ड्राइव्ह उचलू नका. आउटलुकची पीएसटी फाइल (मेलची साठवण), ब्राउझरमधले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड, स्कॅन केलेल्या सह्यांचा फोल्डर, या चार गोष्टी हमखास विसरल्या जातात.

डिजिटल सहीचं टोकन हलतं, पण ड्रायव्हर आणि सही करायची छोटी युटिलिटी नव्याने घालावी लागते. टोकनवर कंपनीचं नाव असतं, त्याच कंपनीचा ड्रायव्हर घ्या. मग फाइल भरायच्या दिवसाची वाट न बघता त्याच संध्याकाळी एखाद्या पोर्टलवर लॉगिन करून सही उमटते का ते पाहा. एक पूर्ण महिन्याचं रिटर्न नव्या यंत्रावरून जाईपर्यंत जुनं यंत्र कपाटात, आहे तसं. फॉरमॅट करायची घाई कुणी केली तर त्याला थांबवा.

प्रिंटर, म्हणजे निम्मा सपोर्ट

सकाळी फोन येतो: "बाब, प्रिंट येना." प्रिंटर चालू आहे, कागद आहे, पण संगणक 'ऑफलाइन' म्हणतो. रात्री लाइट गेली होती का, हे विचारा. बहुतेक वेळा गेलेली असते. वीज परत आल्यावर राउटर आणि प्रिंटर नव्याने सुरू झाले, राउटरने प्रिंटरला वेगळा आयपी पत्ता दिला आणि संगणक अजून जुन्याच पत्त्यावर कागद पाठवतो आहे. कायमचा उपाय असा: राउटरमध्ये जाऊन प्रिंटरच्या मॅक पत्त्याला (त्याच्या नेटवर्कवरच्या ओळख क्रमांकाला) एक आयपी कायमचा बांधून द्या. मग संगणकावर प्रिंटर घालताना विंडोजने आपणहून शोधलेला न घेता, 'टीसीपी आयपी पत्त्याने जोडा' हा पर्याय घेऊन तोच पत्ता लिहा. राउटरचा वेगळा यूपीएस यासाठीच सुचवला होता.

नवी यंत्रं आल्यावर कॉपियरवरून फोल्डरमध्ये स्कॅन येणं बंद झालं असेल, तर दोन कारणं बघा. जुने कॉपियर एसएमबीची (नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती बोलतात, ती विंडोजमध्ये आता मुळात बसवलेली नसते. आणि २४एच२पासून प्रो आवृत्तीत बिनपासवर्डचं शेअरिंग बंद असून, फाइल देवाणघेवाणीवर 'एसएमबी साइनिंग' (टोकनवाली सही नव्हे, यंत्रांनी आपसांत करायची पडताळणी) सक्तीचं आहे. स्कॅनसाठी वेगळा युजर काढून पासवर्ड द्या, कॉपियरचं फर्मवेअर अपडेट करा. तेही जमलं नाही तर स्कॅन मेलवर पाठवा. सुरक्षा उघडी करून जुना मार्ग चालू करायचा मोह टाळा.

केबल कॅट ६ घ्या. संगणकाचा जोड १ गिगाबिटऐवजी १०० मेगाबिट दाखवत असेल, तर बहुधा कनेक्टरमध्ये एखादी तार नीट बसलेली नाही. नवीन क्रिम्प करा आणि पुढे चला.

बॅकअप

दोन बाहेरच्या डिस्क घ्या. एक ऑफिसात, एक जबाबदार माणसाच्या घरी, दर शुक्रवारी अदलाबदल. बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवायची, कारण रॅन्समवेअर जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही. महिन्यातून एकदा कुठलीही एक फाइल बॅकअपमधून परत आणून उघडून बघा. पैशांची ऑनलाइन फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा, तिथे एकेक तास मोलाचा असतो.

रोजचे फोन

फोनवर "चालत नाही" ऐकलं की पहिला प्रश्न: स्क्रीनवर काय लिहिलंय, वाचून दाखवा. त्यापेक्षा फोटो मागवा. दुसरा प्रश्न: काल चालत होतं का, आणि मध्ये काय बदललं? दुरून संगणक जोडून द्यायचा तो तुमच्या ठरलेल्या नंबरवरून फोन आला तरच, हे सगळ्यांना एकदा बसून सांगा. "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, एनीडेस्क घाला" असा फोन आला तर ठेवून द्यायचा, तिकडे माणूस कितीही गोड बोलो. वार्षिक देखभालीचा करार करणार असाल तर सुटे भाग त्यात धरलेत की नाहीत, यूपीएसची बॅटरी कुणाची, आणि पावसाळ्यात किती तासांत माणूस येणार, हे तीन मुद्दे लेखी घ्या. बाकीचा मजकूर सगळीकडे सारखाच असतो.

जुनी यंत्रं

भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. २०२२चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. त्यातली मोठ्या वापरकर्त्यांची बंधनं एक हजार किंवा अधिक उपकरणं वापरणाऱ्यांसाठी असली, तरी छोट्या ऑफिसनेही नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडेच यंत्रं द्यावीत आणि प्रमाणपत्र मागावं. फिरती डिस्क जुन्या माहितीवर पूर्णपणे दुसरं काही लिहून पुसा. एसएसडीला तो उपाय पुरत नाही, तिच्या कंपनीची 'सिक्युअर इरेज'ची सोय वापरा. चालू न होणारी डिस्क असेल तर ड्रिलने आरपार भोकं पाडा, एसएसडी असेल तर तिची प्रत्येक चिप फुटली आहे ना ते बघा. प्रमाणपत्र बिलाच्या फाइलला लावा आणि रजिस्टरात त्या सिरियल नंबरच्या ओळीवर तारीख टाका. लेखापरीक्षक डेड स्टॉक रजिस्टर मागतो तेव्हा हाच कागद दाखवायचा असतो.